लॉर्नाचा स्टार कुणी उतरवला

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. गणपतीसमोर हात जोडतानासुद्धा नाही — त्याला माहीत असणारच, पण म्हणून मी आपणहून विषय काढलेला नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या बिल्डिंगमध्ये राहत नाही.

तसं काही फार मोठं नाही, अशी सुरुवात करणार होते. मग वाटलं, असं म्हणणारी माणसं हमखास मोठंच काहीतरी दडवून बसलेली असतात. नाही का?

आम्ही माझगावला राहतो. जुनी बिल्डिंग, लाकडी जिना, आणि दर मजल्याला रस्त्याच्या अंगाने एक लांब गॅलरी. सगळ्यांची दारं त्या गॅलरीतच उघडतात, त्यामुळे कुणाकडे कुठली मच्छी शिजते आहे हे विचारावं लागत नाही. मी मूळची लालबागची, लग्न होऊन इथे आले. शेजारी लॉर्ना. ती इथलीच, आजोबांपासूनची. मी आले तेव्हा मला स्टोव्ह पेटवायला मदत करणारी पहिली बाई तीच. माझी मुलगी रांगायला लागली ती तिच्या घरात. तिचा केविन अ आ इ ई शिकला तो माझ्या ओट्याशी बसून. तेव्हा लॉर्ना माझी कोण, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते लक्षात ठेवा — म्हणजे पुढचं नीट वाईट वाटेल.

आता एक गोष्ट मला माझ्याच तोंडाने सांगायला लागते आहे. आमच्या गॅलरीची सजावट म्हणजे मी. दिवाळीला माझा कंदील. बांबूच्या कामट्या, जिलेटिनचा कागद, खाली झिरमिळ्या — सगळं घरी. लोक रस्त्यात थांबून मान वर करायचे. शेजारच्या वाडीतल्या बायका विचारायला यायच्या की यंदा काय आकार. आणि मी म्हणायचे, "छे हो, वेळच कुठे मिळाला." (पितृपक्षापासून कामट्या भिजत पडलेल्या असायच्या.)

नाताळला लॉर्नाही सजवायची, पण बेताने. दाराबाहेर एक कागदी स्टार, त्यात एक बल्ब. खाली फळांच्या खोक्यात गवत पसरून केलेला गोठा, त्यात मातीची मेरी, जोसेफ, बाळ येशू आणि एक गाय. गाय माझ्याकडची होती, खरं तर. आमच्या जन्माष्टमीच्या सेटमधली. सगळं कसं छान चाललं होतं. माझा कंदील मोठा, तिचा स्टार छोटा, आणि आमची मैत्री घट्ट. या तिन्हीचा एकमेकांशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग केविन बोटीवर लागला.

पहिल्या सुट्टीत त्याने आईसाठी एक भलंमोठं खोकं आणलं. त्यातून दिव्यांच्या माळा निघाल्या — निघतच राहिल्या. गॅलरीचा कठडा संपला तरी माळा संपेनात. म्हणून लॉर्नाने त्या माझ्या कठड्यावरूनही नेल्या. मला विचारून हं. मी म्हटलं, "अगं विचारतेस काय, आपलंच आहे." मग दिव्यांचं हरीण निघालं, मान हलवणारं. मग माझ्या कंदिलाच्या दुप्पट स्टार. आणि शेवटी निघाला सांताक्लॉज.

हा सांताक्लॉज साधा नव्हता. त्याला दोरीची शिडी होती आणि आत मोटार होती. तो शिडी चढायचा, वर पोचला की सुळकन खाली यायचा, आणि पुन्हा चढायचा. चढताना त्याच्या पोटातून एक इंग्रजी धून वाजायची. ती शिडी बांधायला लॉर्नाला जागा सापडली ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशेजारची. तो रस्त्यावरून बघणाऱ्यांसाठी होता, त्यांना त्याची सगळी मजा दिसायची. मला त्याचं फक्त बूड दिसायचं. मी पोळ्या लाटते आहे आणि खिडकीत लाल मखमलीचं बूड वर चाललं आहे. मी आमटीला फोडणी देते आहे, बूड खाली येतं आहे. अहो, हसताय काय? तीन आठवडे काढून बघा.

ते वर्ष मी सोसलं. पुढच्या वर्षी केविनला सुट्टी मिळाली नाही, तो समुद्रात होता. पण सांता होता. सांताला सुट्टी नव्हती.

त्या वर्षी आणखी एक झालं. आमची गॅलरी मोबाइलवर कुणीतरी टाकली, आणि संध्याकाळी फोटो काढायला खाली गर्दी व्हायला लागली. कॉलेजची मुलं, नवीन लग्न झालेली जोडपी. एके संध्याकाळी मी कपडे काढायला गॅलरीत उभी होते. माझ्या गॅलरीत, माझे कपडे. खालून एका मुलीने हाक मारली, "आजी, जरा आत जाता का? फोटोत येताय."

मी आत गेले.

कळतंय का तुम्हाला? भांडले नाही, चार शब्द सुनावले नाहीत. नवऱ्याचा बनियन छातीशी धरून मुकाट आत गेले, आणि पलंगावर बसून राहिले. पूर्वी लोक मान वर करून विचारायचे, कंदील कुणाचा? आणि आता मी फोटोत येत होते. शिवाय आजी! माझ्या मुलीचं तेव्हा लग्नही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नवरा झोपला असताना, मी घरमालकाच्या ऑफिसात फोन केला.

मी नोकरीत असताना टेलिफोन ऑपरेटर होते, त्यामुळे फोनवर मला भीती अशी वाटत नाही. त्या ऑफिसात अजून जुना फोन आहे, नंबर न दाखवणारा, हेही मला ठाऊक होतं. मी आवाज जरा जाड केला आणि मॅनेजरला सांगितलं की दुसऱ्या मजल्यावर गॅलरीभर वायरी लटकवल्या आहेत, लाकडी बांधकाम आहे, उद्या आग लागली तर कोण जबाबदार? नाव नाही सांगितलं. फोन ठेवला. चहा टाकला. सांताचं बूड वर चाललं होतं. मी त्याच्याकडे बघून चक्क हसले.

मला वाटलं होतं, मॅनेजर फार तर सांता काढायला सांगेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचा माणूस आला आणि म्हणाला, सगळं उतरवा. माळा, हरीण, स्टार — सगळं. बाहेर एक बल्बही नको.

लॉर्नाने स्टूल आणलं आणि चढली. आणि स्टूल कुणी धरलं असेल? मी. वायरी कुणी गुंडाळल्या? मी. आणि गुंडाळता गुंडाळता "कोण असेल गं मेला? हात सडो त्याचे" असं कोण म्हणालं असेल? — तेही मीच.

संध्याकाळी तिच्याकडे गेले, तर स्टार फ्रिजवर ठेवलेला. एवढा मोठा स्टार, त्या एवढ्याशा खोलीत. त्याचं एक टोक छताला टेकून वाकलं होतं. लॉर्नाचा फोन वाजत होता आणि ती उचलत नव्हती. म्हणाली, "केविन आहे. रोज संध्याकाळी व्हिडिओ लावतो. बोलतो, ममा, गॅलरी दाखव. तिकडे नुसतं पाणी नि पाणी. त्याला काय दाखवू गं?" मग म्हणाली, "मी त्याला मेसेज टाकला, व्हिडिओला नेटवर्क नाय."

लॉर्ना खोटं बोलत नाही. कधीच नाही. भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेली कोथिंबीरसुद्धा परत करणारी बाई. माझ्यामुळे ती मुलाशी खोटं बोलली. त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी. पण त्यातून बाहेर पडलं ते, "चहा करू का?"

आता परबकाकांकडे यायला हवं. मी मघापासून टाळते आहे.

परबकाका गॅलरीच्या टोकाला राहायचे. एकटे. गोदीतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगी सावंतवाडीला. माणूस तिरसट. पोरांचा बॉल त्यांच्या दारात गेला की परत यायचा नाही. प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचे, आणि वाक्य संपलं की "कळला?" असं विचारायचे, समोरच्याला कळलेलं असो वा नसो. लॉर्नाने जेव्हा मॅनेजरला फोन करून विचारलं की तक्रार कुणाची, तेव्हा तो म्हणाला, नाव नाही सांगितलं हो, पण कुणी वयस्क गृहस्थ होते. सारखे खाकरत होते. आणि दर वाक्याला, कळला? कळला?

अर्ध्या तासात सगळ्या बिल्डिंगला ठाऊक झालं.

काका दारात उभे राहून एकदाच म्हणाले, "मी नाय केलंय फोन. माका कित्याक व्हया?" कुणी विश्वास ठेवला नाही. कोण ठेवणार? तिसऱ्या मजल्यावरच्या बायका त्यांना बघून बोलायच्या थांबायला लागल्या. पोरं त्यांच्या दारावर टकटक करून पळायची. इस्त्रीवाला — ज्याचा नाताळशी काही संबंध नाही — तोसुद्धा त्यांचे कपडे दोन दिवस उशिरा द्यायला लागला. आणि काकांनी पुन्हा खुलासा केला नाही. एकदा सांगितलं, संपलं.

मग मी काय केलं? मी मोर्चा काढला.

खरंच सांगते. मलाच सहन होईना म्हणून मी पुढाकार घेतला. चार बायका, दोन पुरुष आणि लॉर्ना यांना घेऊन मॅनेजरच्या ऑफिसात गेले. तिथे पोचल्यावर लक्षात आलं की या माणसाने माझा आवाज ऐकलेला आहे. मग मी इतका बारीक आवाज काढला की माझ्याच कानाला ते मांजरीचं पिल्लू वाटायला लागलं. लॉर्नाने घाबरून माझ्यासाठी गरम पाणी मागवलं. त्या पिल्लाच्या आवाजात मी सर्वधर्मसमभावावर बोलले. आमच्या गणपतीला लॉर्ना कशी मोदकाच्या पाऱ्या करायला येते ते सांगितलं — ती येते, ते खरं आहे. मॅनेजरच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "अहो, माझी कसली हरकत? त्या गृहस्थांनीच डोकं खाल्लं. लावा तुम्ही स्टार, लावा माळा. फक्त वायरमनला एकदा दाखवून घ्या."

आणि मी, त्याच बारीक आवाजात, म्हटलं, "मोटारीचं काही लावत नाही आम्ही. सांता राहू दे आतच."

बघा. त्या अवस्थेतही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी स्टार पुन्हा वर गेला. बटण दाबायचा मान लॉर्नाने मला दिला. केविन फोनवर होता, बोटीवरून ओरडत होता, "थँक्यू, वासंतीआंटी!" सगळी गॅलरी टाळ्या वाजवत होती. टोकाचं एक दार तेवढं बंद होतं.

दर नाताळला लॉर्ना सगळ्यांकडे ताटं पाठवते. कुलकुल, नेवऱ्या, मिल्क क्रीम, केकचा तुकडा, वरून क्रोशाचा रुमाल. वाटायला मी जाते, ही आमची पूर्वापार पद्धत. त्या वर्षी ताटं मांडताना लॉर्ना म्हणाली, "काकांचं नको." परबकाकांना कुलकुल फार आवडायचे. दरवर्षी ताट घेताना रुमाल उचलून आधी तेच मोजल्यासारखे बघायचे. मी ट्रे घेऊन त्यांच्या दारावरून गेले. दार उघडं होतं. ते खुर्चीत बसले होते, आणि ताट ठेवायला त्यांनी समोरच्या टेबलावरचा पेपर आधीच बाजूला केलेला होता.

मी तशीच पुढे जिन्याकडे वळले.

सांगायचं तर हेच आहे, फोनबिन सगळं अलाहिदा.

नव्या वर्षात बिल्डिंगची सत्यनारायणाची पूजा झाली, त्यात माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ. सेक्रेटरी बोलले की वासंतीताईंनी एकोप्याचा आदर्श घालून दिला. मी मान खाली घातली, लोकांना तो विनय वाटला. परबकाका मागच्या रांगेत बसून शिरा खात होते. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. अगदी सावकाश.

मग कार्यक्रम आटपून मी नारळ सांभाळत जिना चढत होते. काका वरून खाली येत होते. त्यांनी मला जायला वाट दिली, घसा खाकरला, आणि म्हणाले,

"वैनी, माझो खोकलो तुमका बरो जमता."

आणि खाली उतरून गेले.

आता खरं सांगते. मघाशी मी तुम्हाला म्हटलं ना, आवाज जरा जाड केला? तसं नाही ते. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या गणेशोत्सवात मी नकलांचा कार्यक्रम केला होता. सगळ्या शेजाऱ्यांच्या नकला. लॉर्नाची केली, सेक्रेटरींची केली, पण वन्स मोअर मिळाला तो परबकाकांना. सगळी बिल्डिंग हसून लोळली. पुढे सगळे ते विसरले. ज्याची नक्कल केली तो कसा विसरेल?

तेव्हा ते खाकरणं आपोआप आलेलं नव्हतं. ते "कळला?" चुकून निघालेलं नव्हतं. फोन लावण्याआधी मी न्हाणीघरात नळ सोडून दोनदा तालीम केली होती. का काकाच? कारण तक्रार त्यांना शोभली असती. कारण त्यांच्या बाजूने कुणी उभं राहणार नव्हतं. एवढा विचार मी केला होता, पोळीवर तूप लावता लावता.

त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मी वाट बघायचे — आज सांगतील, उद्या सांगतील. दारात दिसले की माझ्या हातातून भांडं पडायचं. नवरा म्हणायचा, डॉक्टरला दाखव. मी काकांना बांगड्याचं तिखलं नेऊन दिलं. त्यांनी ते घेतलं, खाल्लं, आणि वाटी घासून परत दिली. मग सुरमई. मग कोलंबी. ते सगळं घ्यायचे. बिल्डिंगमध्ये माझं आणखीच कौतुक — बघा, असल्या माणसालाही वासंतीताई जेवू घालतात.

दोन वर्षांनी ते सावंतवाडीला मुलीकडे कायमचे गेले. टॅक्सी आली तेव्हा खाली सोडायला मी एकटीच होते. काही बोलावं म्हणून मी म्हटलं, "काका, काही चुकलंमाकलं असेल तर..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. वाक्य पुरं व्हायची वाट बघितली. मी ते पुरं केलं नाही. टॅक्सी गेली.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण गेल्या नाताळची गोष्ट राहिली आहे.

लॉर्ना सकाळी चर्चमधून आली ती हलकीफुलकी होऊन. म्हणाली, "फादर काय छान बोलले गं. मनात कोणाबद्दल ठेवायचं नाय. मी ठरवलंय, परबकाकांना फोन लावते. माफ केलं बोलते." मी म्हटलं, कशाला आता, म्हातारा माणूस, झोपले असतील. सकाळी अकराला! तिने त्यांच्या मुलीकडून नंबर मिळवलेला होता. फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्या समोर धरला.

"काका, लॉर्ना बोलते. हॅपी ख्रिसमस. काका, तो स्टारचा विषय — मी तुमाला माफ केलं हां. मनापासून."

पलीकडे काकांनी घसा खाकरला.

"बरा झाला," काका म्हणाले. "आणि वासंतीवैनीन? तेणी केल्यान माफ?"

लॉर्नाने डोळे पुसले. मला कोपराने ढोसलं. "हाय इथेच ती. सांग ना गं त्यांना."

मी फोनकडे बघितलं. खोलीत आम्ही दोघीच होतो. तिचा हात माझ्या खांद्यावर होता.

"हो काका," मी म्हटलं. "केलं."

"देव बरा करो," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

लॉर्नाने मला जवळ घेतलं. म्हणाली, तुझं मन किती मोठं गं, वासंती.

मी म्हटलं, असू दे गं.